लॅपटॉपवरचे टोन घेऊन बँडमध्ये वाजवायचं असेल तर

प्रश्न असा आहे: पुण्यातला सहा जणांचा बँड, कार्यक्रमांत जुनी हिंदी-मराठी गाणी आणि मधूनमधून स्वतःची दोन-तीन. कीबोर्ड वाजवणाऱ्याकडे ६१ पट्ट्यांचं वर्कस्टेशन, म्हणजे स्वतःचे आवाज असलेला कीबोर्ड, आणि ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. घरी लॅपटॉपवर पियानो आणि स्ट्रिंग्ज वाजवून पाहिले, आवाज फार आवडला, पण पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो. आता वर्कस्टेशन विकून साधा मिडी कंट्रोलर (कुठली पट्टी दाबली एवढाच निरोप लॅपटॉपला देणारा कीबोर्ड) आणि चांगली सॉफ्टवेअर घ्यावीत का, कुठली घ्यावीत, आणि भर कार्यक्रमात लॅपटॉप हँग झाला तर काय करायचं?

वर्कस्टेशन विकू नका. कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. लॅपटॉप बंद पडला की तुमच्यासमोर नुसत्या पट्ट्या उरतात. वर्कस्टेशन कंट्रोलरचं सगळं काम करतं आणि वेळ आली तर स्वतः वाजतं. माझ्या मते स्टेजवरच्या लॅपटॉपचा नियम एकच आहे: कीबोर्डला जे जमत नाही तेवढंच लॅपटॉपकडे द्या, आणि जोडणी अशी करा की लॅपटॉप गेला तरी गाणं थांबणार नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं.

कीबोर्डला काय जमत नाही ते आधी ठरवा. पियानो हा पहिला मानकरी. वर्कस्टेशनचा पियानो गर्दीत चालून जातो, पण गायक एकटा आलापी करतोय आणि मागे फक्त पियानो आहे, अशा जागी त्याचं पातळपण लगेच कळतं. दुसरा ड्रॉबारवाला ऑर्गन, फिरत्या स्पीकरच्या आवाजासकट. तिसरे ग्रुप व्हायोलिन. जुन्या गाण्यांचे पीस, म्हणजे मधले वाद्यांचे तुकडे, आपल्याकडच्या प्रेक्षकांना पाठ असतात. तिथे व्हायोलिनचा झुपका खरा वाटला की सभागृहात फरक जाणवतो.

उलट बासरी, सतार, शहनाई, मेंडोलिन हे टोन मी बहुतेक वेळा कीबोर्डवरच ठेवतो. सॉफ्टवेअरमधले देशी वाद्यांचे संच सुंदर असतात, पण त्यातले बरेच खालच्या पट्ट्या दाबून वाजवण्याची पद्धत बदलायची अशा रचनेचे आहेत. ते स्टुडिओत ठीक. तुमचा हात वर्षानुवर्षं कीबोर्डच्या बेंडरवर (सूर वर-खाली ओढायच्या चाकावर) बसलेला असतो, मींड किती ओढायची ते बोटांना माहीत असतं. शिवाय बेंडची रेंज प्रत्येक प्लगइनमध्ये (लॅपटॉपवर टोन देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगळी लावावी लागते. बहुतेकांत ती मुळात दोन अर्धस्वरांची असते. तुमच्या कीबोर्डवर ती जास्त ठेवलेली असेल तर तीच हालचाल लॅपटॉपवर बेसूर निघते. लॅपटॉपवर तीन-चार टोन, बाकी कीबोर्ड. सुरुवातीला एवढंच पुरे.

आता उशीर. घरी आवाज उशिरा येत होता तो बहुधा लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डमुळे. विंडोजच्या नेहमीच्या रस्त्यानं आवाज बाहेर पडायला इतका वेळ लागतो की बोटाला तो जाणवतो. यावर उपाय म्हणजे असिओ ड्रायव्हर, जो आवाज कमी वेळात बाहेर काढतो, आणि तो स्वतःचा असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड. घरी चाचणीपुरतं असिओ-फॉर-ऑल हे फुकटचं साधन चालेल, स्टेजसाठी मात्र इंटरफेस घ्याच. दोन आउटपुटचा, यूएसबीवरच वीज घेणारा साधा इंटरफेस पुरतो. महाग माइक प्रीअँपचे पैसे मोजायची गरज नाही, तुम्हाला आत काही रेकॉर्ड करायचं नाहीये.

आकडे एकदा समजून घ्या म्हणजे भीती जाते. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचे इतके बारीक तुकडे लॅपटॉप एका वेळी तयार करून पाठवतो) म्हणजे २.७ मिलिसेकंद. २५६ चा म्हणजे ५.३. त्यावर ड्रायव्हरचा आणि इंटरफेसचा थोडा वेळ मिळवला तरी चांगल्या जोडणीत एकूण उशीर दहाच्या आत राहतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. तुमचा मॉनिटर स्पीकर तीन मीटरवर असेल तर नऊ मिलिसेकंद त्या हवेतच जातात आणि आजवर तुम्हाला त्याचा त्रास झालेला नाही. म्हणून ६४ च्या बफरच्या मागे लागू नका. स्टेजवर मी १२८ वापरतो, लॅपटॉप जुना असेल तर २५६. थोडा उशीर हाताला सवयीनं पचतो. कडकड आवाज मात्र कुणालाच पचत नाही. ९६ किलोहर्ट्‌झवर तर जाऊच नका, प्रोसेसरचं काम दुप्पट होतं आणि सभागृहात त्याचा काडीचाही उपयोग नाही.

एक गफलत इथे नेहमी होते. बफर कमी केला तरी व्हायोलिन मागेच पडतात, मग माणूस लॅपटॉपला दोष देतो. दोष टोनचा असतो. ऑर्केस्ट्राचे बरेच संच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी केलेले असतात. त्यांत गज हळूच टेकतो, आणि लेगाटो असेल तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मुद्दाम वेळ घेतलेला असतो. संगणकावर बसून ते सूर मागेपुढे सरकवता येतात, स्टेजवर नाही. द्रुत पीससाठी लवकर उठणारा, आखूड टोन निवडा. कानाला एकट्यानं तो जरा कोरडा वाटेल, बँडमध्ये तोच बरोबर बसतो.

लॅपटॉपबद्दल. ८ जीबीवर काम सुरू करता येतं, पण निवड जपून करावी लागते. सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांवर, चालणारा मोठा पियानो एकटाच कित्येक जीबी रॅम खाऊ शकतो. पियानोटेक हे सॉफ्टवेअर सॅम्पल वापरत नाही, पियानोच्या तारांचं वागणं गणितानं उभं करतं, त्यामुळे त्याचा आकार जीबीत नाही, मेगाबाइटांत असतो. काहींना त्याचा आवाज किंचित काचेसारखा वाटतो. मला बँडमध्ये तो आवडतो, कारण हलक्या हातापासून जोरदार हातापर्यंत तो एकसंध चढतो. फुकटात हवा असेल तर सॅलमँडर नावाचा सॅम्पल पियानो चांगला आहे. सिंथसाठी सर्ज आणि व्हायटल ही दोन्ही फुकट मिळतात आणि विकतच्यांच्या तोडीस तोड आहेत. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर आधी एसएसडी बसवा, इतर सगळ्या खर्चाआधी.

प्रोसेसर किती टक्के चालला आहे हे टास्क मॅनेजरमध्ये बघून निश्चिंत होऊ नका. तो आकडा सरासरीचा असतो. आवाज तुटतो तो एखाद्या क्षणी काम वेळेत न झाल्यामुळे, सरासरी ३० टक्के असली तरी. बहुतेक वेळा दोषी असतं भलतंच: वायफायचा ड्रायव्हर, ब्लूटूथ, बॅटरी वाचवणारी सेटिंग. लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं साधन अर्धा तास चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतो आहे ते नावानिशी दिसतं. स्टेजवर वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, चार्जर लावलेला. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात. लाइटच्या थेट खाली लॅपटॉप ठेवू नका. तापला की तिथेही वेग उतरतो, आणि हे तालमीत कधी दिसत नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, याचं उत्तर मशीनवर आहे. मॅक असेल तर मेनस्टेज. ते याच कामासाठी बनवलेलं आहे आणि त्यात मिळणाऱ्या टोनच्या मानानं स्वस्त आहे. विंडोजवर ते चालत नाही. तुमच्यासाठी कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर. कँटाबिले विंडोजवर चालतं आणि त्याची एक मर्यादित आवृत्ती फुकट आहे, तिच्यावर सुरुवात करा. गिग परफॉर्मर विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर स्टेजवर वापरणारे पुष्कळ आहेत, आणि बँड क्लिकवर (कानातल्या टिकटिकीवर) वाजत असेल, मागे ट्रॅक असतील, तर एबलटन लाइव्ह योग्यच आहे. पण नुसतं टोन बदलत वाजवायचं असेल तर टाइमलाइनचा पसारा अंगावर कशाला घ्यायचा?

होस्ट, म्हणजे ज्यात हे प्लगइन चालतात ते सॉफ्टवेअर, निवडताना मी एकच गोष्ट तपासतो. सस्टेन पेडल दाबून एक मोठा कॉर्ड धरायचा, पेडल तसंच ठेवून पुढच्या टोनवर जायचं आणि नवा सूर वाजवायचा. जुना कॉर्ड आपल्या वेळेनं विरत गेला पाहिजे आणि नवा सूर नव्या टोनमध्ये आला पाहिजे. जुना आवाज कचकन तुटला, किंवा पेडल सोडल्यावरही लोंबकळत राहिला, तर ती मांडणी स्टेजच्या लायकीची नाही. मेनस्टेज, कँटाबिले आणि गिग परफॉर्मर ही तिन्ही हे करू शकतात, पण बरोबर लावून घ्यावं लागतं, आणि सगळे टोन आधीच रॅममध्ये चढवलेले असावे लागतात. गाणं बदललं की पुढचा टोन डिस्कवरून चढतोय, तोवर निवेदक बोलतोय, असं चालणार नाही. निवेदक कधी थांबेल ते आपल्या हातात नसतं.

एक गाणं घेऊन दाखवतो. सुरुवातीला पियानोवर मोकळा तुकडा, मग मुखडा, पहिल्या पीसमध्ये ग्रुप व्हायोलिन पुढे, अंतऱ्यामागे तेच व्हायोलिन पॅडसारखे, दुसऱ्या पीसमध्ये अकॉर्डियन, शेवटी पुन्हा पियानो. नवखा माणूस यासाठी तीन टोन लावतो आणि बटणं शोधत बसतो. मी पाच पायऱ्या करतो, गाण्याच्या क्रमानं, आणि एक साधं पायाचं बटण फक्त ‘पुढे’ या कामाला लावतो. व्हायोलिन दोनदा येतात, तर त्यांच्या पायऱ्याही दोन: पीसमध्ये पुढे यायचं म्हणून एक मोठ्या आवाजाची, अंतऱ्यामागची दबलेली आणि वरचा भाग कापलेली दुसरी. अकॉर्डियन मी कीबोर्डवरचाच घेतो, त्या पायरीत लॅपटॉप गप्प असतो आणि कीबोर्डला आपला आवाज सोडायचा निरोप जातो. शेवटचा पियानो ही वेगळी पायरी, मागे जाणं नाही. पायाला फक्त ‘पुढे’ माहीत असलं की डोकं गाण्यात राहतं.

टोन बदलण्याची वेळही ठरवून ठेवा. पीसच्या पहिल्या मात्रेवर पाय मारायला गेलात तर तो अर्धी मात्रा मागेपुढे होणारच. शेवटचा कॉर्ड धरला की सस्टेन पेडल दाबा आणि लगेच पुढच्या पायरीवर जा. जुना आवाज वाजतोय तोवर बोटं नव्या टोनवर तयार असतात.

आता आपल्या मंचावरची खरी अडचण, स्केल. ठरलेलं असतं काळी चार, आणि गायिका पडद्यामागे येऊन सांगते, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊया. कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण दाबायची सवय असते. लॅपटॉप जोडलेला असताना तिथे गडबड होते. बऱ्याच कीबोर्डवर ट्रान्स्पोज केलं की यूएसबीतून बाहेर जाणारे सुरांचे क्रमांकही सरकतात. तुम्ही स्प्लिट लावला असेल, डाव्या हाताला पॅड आणि उजव्याला व्हायोलिन, तर होस्ट तो स्प्लिट सुराच्या क्रमांकावर ओळखतो. अर्धा सूर उतरलात की सीमारेषा बोटांखालून एक पट्टी सरकते. बरोबर सीमेवरचा सूर भलत्याच टोनमध्ये वाजतो, आणि तो नेमका पीसच्या मधोमध येतो. खालच्या पट्ट्यांवर वाजवण्याची पद्धत बदलणारे टोन असतील तर तीही जागा हलते. आणि होस्टमध्येही कुणीतरी आधीच अर्धा सूर उतरवून ठेवला असेल तर एकूण उतरतो पूर्ण सूर.

म्हणून ट्रान्स्पोजची जागा एकच. लॅपटॉपच्या टोनसाठी ते होस्टमध्येच व्हावं, स्प्लिट झाल्यानंतर, सगळ्या टोनना मिळून एकदा. कीबोर्डच्या स्वतःच्या टोनसाठी कीबोर्डवर. तुमच्या मॉडेलवर ट्रान्स्पोजमुळे बाहेर जाणारे क्रमांक बदलतात की नाही, आणि ते वेगळं बंद करता येतं का, हे होस्टच्या मिडी मॉनिटरमध्ये पाहून ठेवा. मधला सा एकदा शून्यावर दाबा, एकदा उणे एकवर, आणि दिसणारा क्रमांक सारखा आहे का पाहा. क्रमांक बदलत असेल आणि बंद करता येत नसेल, तर उलट करा: होस्टचं ट्रान्स्पोज कायम शून्य, सगळं कीबोर्डवरून, आणि स्प्लिट लॅपटॉपवर ठेवूच नका. आणि सूर दाबलेला असताना ट्रान्स्पोज कधीही बदलू नका. दाबताना गेला एक क्रमांक आणि सोडताना दुसरा, तर पहिला सूर वाजतच राहतो.

सोबत खरी पेटी असेल तर आणखी एक पाहणं येतं. सगळ्या पेट्या ४४० हर्ट्‌झला लावलेल्या नसतात. कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग आपण सहज फिरवतो, लॅपटॉपवर मात्र प्रत्येक प्लगइनचं ट्यूनिंग वेगळं असतं. एक विसरलं की तेवढाच टोन बेसूर. तालमीत पेटीबरोबर प्रत्येक टोनचा एक लांब सूर धरून बघा.

आवाजाच्या पातळ्या. लॅपटॉप घेऊन येणारे बँड सर्वांत जास्त इथे मार खातात. घरी रात्री हेडफोनवर सगळे टोन सारखे केलेले असतात. कमी आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मग पियानोचा खर्ज वाढवला जातो, स्ट्रिंग्जना चमक दिली जाते. सभागृहाच्या आवाजात तोच खर्ज बास गिटारच्या अंगावर जातो आणि चमक टोचते. पातळ्या तालमीतच, पूर्ण बँडबरोबर, कार्यक्रमाच्या आवाजाला लावा. पियानो आधी पक्का करा, बाकी सगळे त्याच्याशी तोलून. पियानोचा शंभर हर्ट्‌झच्या खालचा भाग बिनधास्त उतरवा. रिव्हर्ब निम्म्यानं कमी करा, सभागृह स्वतःचा घालतंच. होस्टचा एकूण आवाज सगळ्यात जोरदार तुकड्यालाही उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि शेवटी एक लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा) ठेवा. साउंडवाल्याला एकदा लाइन मिळाली की पुढे त्याचा फेडर हलायला नको, हे आपलं काम आहे. दर गाण्याला तो तुमच्यामागे धावायला लागला की बाकीच्या बँडकडे त्याचं लक्ष राहत नाही.

मोनोमध्ये ऐकून बघा. पुष्कळ ठिकाणी तुम्हाला एकच लाइन मिळते. दोन माइक लांब ठेवून रेकॉर्ड केलेला पियानो डावा-उजवा एकत्र केला की पोकळ होतो, मधले काही सूर बसतात. बहुतेक पियानोंमध्ये रुंदी कमी करायची सोय असते, ती वापरा, किंवा डावी-उजवीपैकी एकच बाजू पाठवा, जी कानाला भरीव वाटेल ती. हाताचा जोरही तपासा: ६१ हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड कितीही जोरात वाजवला तरी वरच्या आकड्यापर्यंत पोचतोच असं नाही, आणि स्टेजवर आपण घरापेक्षा जोरात मारतो. होस्टमध्ये व्हेलॉसिटीची (पट्टी किती जोरात दाबली त्या आकड्याची) वक्ररेषा तालमीच्या हातानं लावा.

वीज आणि केबल. चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण किंवा किरकिर येते, ही तक्रार हमखास असते. त्यावर उपाय ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी, आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण. प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय नाही. पावसाळ्यात, ओल्या मांडवात, गायकाच्या हातात धातूचा माइक असतो, जिवाशी खेळ होतो. कीबोर्ड आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. गणेशोत्सवात जनरेटरवर वाजवत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: वीज क्षणभर गेली तर लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर चालू राहतात, बंद पडतो तो कीबोर्ड, कारण त्याचा अडॅप्टर भिंतीवर आहे. संगणकाचा छोटा यूपीएस कीबोर्डसाठी ठेवा. कीबोर्ड सुरू होताना पाय पेडलवर नको. बरेच कीबोर्ड त्याच वेळी पेडलची दिशा ओळखतात, आणि मग पाय उचलला की सूर धरला जातो.

यूएसबीच्या केबली लॅपटॉपच्याच पोर्टात लावा, स्वस्त हब नको. विंडोज वेगळ्या पोर्टात लावलेला कीबोर्ड नवा समजू शकतं आणि होस्टमधली जोडणी सुटते, म्हणून कुठली केबल कुठल्या पोर्टात ते रंगीत टेपनं खुणा करून ठेवा. पी-३८ (पाव इंची जॅकच्या) आणि कॅनन (एक्सएलआर) केबली बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चांगल्या मिळतात. प्रत्येकीची एक जादा घ्या, यूएसबीची तर नक्कीच, आणि स्टँडला टेपनं बांधून टाका, कुणाच्या पायात यायला नको.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हँग झालं तर. कीबोर्डचा आउटपुट मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला कायम जोडलेला असू द्या. लॅपटॉपच्या पियानोच्या पायरीवर कीबोर्डवरही पियानोच लावलेला असतो, फक्त कीबोर्डचा व्हॉल्यूम खाली. लॅपटॉप गेला तर डावा हात व्हॉल्यूमवर, आणि सूर चालू. यासाठी दोन गोष्टी जमवाव्या लागतात. एक, कीबोर्डची व्हॉल्यूमची पट्टी यूएसबीतून लॅपटॉपलाही आवाज कमी करायला सांगते का ते पाहा. सांगत असेल तर होस्टमध्ये तो संदेश अडवा, सात क्रमांकाचा कंट्रोल असतो. दोन, दोघांचे टोन बरोबरीनं बदलले पाहिजेत. होस्टच्या प्रत्येक पायरीतून कीबोर्डला प्रोग्रॅम चेंज (टोन बदलायचा मिडी निरोप) पाठवला की तेही होतं. हा आकडा काही उपकरणं शून्यापासून मोजतात, काही एकपासून, म्हणून एक पुढचा किंवा एक मागचा टोन लागला तर घाबरायचं कारण नाही, एकनं सरकवा. लोकल कंट्रोल बंद करून ठेवण्याचा सल्ला पुस्तकांत असतो. या जोडणीत तो नको, कारण मग पट्ट्यांचा कीबोर्डच्या आवाजाशी संबंधच तुटतो, आणि ऐन वेळी मेनूत शिरून तो जोडायला सवड नसते.

सगळंच हँग होत नाही. जास्त वेळा एखादा सूर अडकतो. होस्टमधलं ‘पॅनिक’चं, म्हणजे वाजणारे सगळे सूर एकदम बंद करणारं, बटण कीबोर्डच्या एका पॅडला किंवा पेडलला जोडा आणि तालमीत ते मुद्दाम वापरा. ड्रमरला आणि बासवाल्याला सांगून ठेवा की कीबोर्ड गप्प झाला तर थांबायचं नाही. आणि एका तालमीत गाण्याच्या मध्येच लॅपटॉपची यूएसबी केबल कुणाकडून तरी ओढून घ्या. व्हॉल्यूम वर करून त्याच ओळीत परत येता येतं का, हे तेव्हाच कळतं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात नवं काही टाकायचं नाही. ना प्लगइनची नवी आवृत्ती, ना विंडोजचा अपडेट, ना कुणी पाठवलेला सुरेख नवा टोन. काही सॉफ्टवेअर परवाना इंटरनेटवरून पडताळतात, काहींना यूएसबीची किल्ली लागते. आदल्या दिवशी वायफाय बंद करून लॅपटॉप नव्यानं सुरू करा आणि पूर्ण यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघा. रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवायचा असतो, त्यामुळे साउंड चेकला तुमच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. तो परवान्याची खिडकी बघण्यात घालवायचा नसतो.

खरेदीचा क्रम मी असा ठेवेन: एसएसडी नसेल तर ती, मग इंटरफेस आणि डीआय बॉक्स, मग रॅम १६ जीबी, मग होस्टची पूर्ण आवृत्ती, आणि विकतचे टोन सगळ्यात शेवटी. पहिल्या कार्यक्रमात लॅपटॉपवरून फक्त पियानो वाजवा, तोही ज्या दोन-तीन गाण्यांत तो खरोखर पुढे आहे तिथेच. तो नीट पार पडला की पुढच्या तालमीपासून व्हायोलिन चढवायला घ्या.